पावसाळ्यातली मरळ

"कुठनं आणलीस?" ताटातल्या मरळीच्या तुकड्यांकडे बघत दुर्गाप्पाने विचारलं.

"आपल्याच तळ्यातली हाय," शांताव्वा म्हणाली. चार दिवस अन्नाला नको म्हणणारा नवरा तळ्याच्या नावाने तरी दोन घास खाईल, असं तिला वाटलं.

तळ्याच्या जागी पूर्वी दगडखाण होती. वीस वर्षं दुर्गाप्पाने तिथे दगड फोडला आणि धूळ छातीत साठवली. खाण बंद पडून पाणी साचलं, तेव्हा वस्तीची मच्छीमार संस्था त्यानेच उभी केली. पावसाळ्यात मरळ पिल्लं राखते, जवळ येईल त्यावर झडप घालते आणि सहज गळाला लागते. म्हणून ते तीन महिने तिला धरायचं नाही, हा नियम त्याचाच. त्यापायी त्याने शांताव्वाच्या भावाचाही गळ मोडला होता.

त्याने ताट सरकवलं. "मंग तिच्या पिल्लांचं काय झालं असंल?"

पावसाळा चालू आहे, हे शांताव्वाच्या आत्ता ध्यानात आलं. ती घाबरली. "अवो, खोटं बोलले मी. बाजारातनं आणली. यल्लम्माची शप्पत!"

"मी जेवावं म्हणून देवीलाबी मधी आणलंस?" तो दमून हसला. "लई चलाख हायेस." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला शांताव्वा आधी एकच सांगत होती, ती मरळ बाजारातली होती. लोक मान हलवत होते. कोणती मरळ, हे कुणीच विचारलं नाही.