बारावी संमती

स्मृतिभ्रंशाचा आजार रक्तातून पुढच्या पिढीत कसा उतरतो, याचा शोध घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा एक हेका होता: मरणोत्तर मेंदूदानाची संमती दर भेटीला नव्याने विचारायची. आजीबाईंच्या फाइलीत असे अकरा कागद होते, अकराही सह्या ठसठशीत. बाराव्या खेपेला मुलगा आडवा आला.

"मी कोण, तेसुद्धा आठवत नाही तिला! सह्या कसल्या घेताय?"

"हा कोण गं गुरगुरतोय?" आजीबाईंनी विचारलं.

"तुमचा मुलगा."

आजीबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. ओळख काही पटली नाही. "माझा? म्हणजे हे दुखणं यालाही लागणार?"

"लागू शकतं. त्यावर औषध सापडावं म्हणूनच तुमचा मेंदू मागतेय, तुमच्या पश्चात."

"मग याला काय विचारत बसलीस? आण ते पेन इकडे!"

सही झाली. मुलगा पुटपुटला, "उद्या विसरेल ती हे."

"विसरतातच," डॉक्टरीणबाईंनी फाइल त्याच्यापुढे सरकवली. "स्मृती शाबूत असलेला माणूस एकदा हो म्हणून मोकळा होतो. यांनी तुमच्यासाठी बारा वेळा, पहिल्यापासून विचार करून, हो म्हटलंय."