पडद्यावरचा काळोख

सासऱ्यांच्या प्रोस्टेटमधल्या कर्करोगाचा कणभर तुकडा सुनेनं प्रयोगशाळेतल्या उंदरात वाढवला होता. त्यात काजव्याचं जनुक घातल्यानं गाठ जिवंत असेतोवर अंधारात चमकायची. उंदराला जनुकोपचाराचं नवं इंजेक्शन दिलं होतं. गुण आला, तर पुढचं सासऱ्यांना. “दुखणं माझं, सोसतोय हा. सख्खा भाऊसुद्धा एवढं करत नाही गं,” ते म्हणाले. गुंगी दिलेला उंदीर कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवून तिनं दार लावलं. पडद्यावर नुसता काळोख उमटला. सासरे पडद्याकडे झुकले. “गेला का बिचारा?” तिनं पुन्हा फोटो घेतला. पुन्हा काळोखच. तिनं पेटी उघडून पाहिलं. “श्वास चालू आहे, बाबा,” ती म्हणाली, “गाठच विझलीय.” थोड्याच वेळात गुंगी उतरलेला उंदीर पंजांनी मिशा पुसू लागला. घरात वडीलधारं माणूस आल्यावर उठावं, तसे सासरे सावकाश उभे राहिले.