मोहोर सापडलेली जागा

हिलरीने हॉस्पिटलातलं जेवणाचं चाकांचं टेबल वडिलांच्या पलंगावर ओढलं आणि त्यावर सॅक्सली गावाचा नकाशा पसरला. नकाशाचा एक कोपरा उडत होता, त्यावर तिने मोहोर ठेवली.

शिशाची मोहोर. बिस्किटाएवढी, राखाडी. एका बाजूला दोन संतांचे दाढीवाले चेहरे, दुसऱ्या बाजूला पोपचं नाव. साडेसातशे वर्षांपूर्वी ती रोमहून एका पत्राला लटकून आली होती. पत्र केव्हाच मातीत गेलं. मोहोर गेल्या नोव्हेंबरात वडिलांच्या डिटेक्टरला, जमिनीतला धातू शोधायच्या मशीनला, लागली.

ही गोष्ट त्यांनी फक्त लेकीला सांगितली, तीही गेल्या आठवड्यात. संग्रहालयात माझ्या नावाने नोंद कर, म्हणाले. जागा नंतर सांगतो. मग झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर आता तासांच्या हिशेबात बोलत होते.

संग्रहालयातल्या बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, की जागेशिवाय ही मोहोर म्हणजे नुसता शिशाचा तुकडा. जागा कळली तर मात्र आम्ही ते शेत खणायला येऊ. कारण सॅक्सलीत कुठेतरी महारोग्यांची एक धर्मशाळा होती. जुन्या कागदांत तिचं नाव होतं, जमिनीवर खूण नव्हती, आणि पोपचं पत्र गावात आलं असेल तर तिथेच. तिच्यासाठी वडिलांनी चौतीस वर्षं गावातली शेतं पालथी घातली होती. हिलरीचे कितीतरी वाढदिवस त्यात गेले.

खिडकीजवळच्या खुर्चीत डेसमंड बसला होता. वडिलांचा डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातला सगळ्यात जुना दोस्त. त्याने आजाऱ्यासाठी द्राक्षं आणली होती आणि तोच ती खात होता.

"बाबा," हिलरी म्हणाली, "मोहोर कुठे सापडली? नुसतं बोट ठेवा."

वडिलांचे डोळे तिच्याकडे आले, मग खिडकीकडे गेले. डावा हात हळूहळू उचलला गेला. बोट नकाशावर फिरलं आणि नदीकाठच्या एका शेतावर टेकलं. हिलरीने झटकन तिथे पेन्सिलने फुली केली. तिचे डोळे भरून आले.

डेसमंड उठून बघायला आला. बराच वेळ वाकून उभा राहिला.

"पोरी, खोड ती फुली."

"का?"

"अठ्ठ्याण्णव साली यानं मला चांदीची नाणी दाखवली आणि हेच शेत सांगितलं. तीन हिवाळे खणलं मी तिथं. बिअरच्या डब्यांची झाकणं निघाली, पोतंभर." तो हसला. "मग मीही याला दोन वर्षं कबरस्तानामागं नाचवलं. आमच्यात खरी जागा कोण सांगतं?"

हिलरीने वडिलांकडे पाहिलं. तोंडाची जी बाजू अजून हलत होती, ती किंचित वर गेली होती.

वडिलांच्या वह्या होत्या घरी, अकरा. तारखा, नाणी, बकलं, बटणं आणि प्रत्येकापुढे शेताचं नाव. सकाळी ती त्या चाळून आली होती. त्यातलंही एकेक शेत आता तिच्या डोळ्यांपुढून नाहीसं झालं.

"डेसकाका, तुम्ही जरा बाहेर थांबता?"

डेसमंडने मान हलवली. जाण्याआधी तो पलंगावर वाकला आणि एर्नी, मी काही खणायला जात नाही, म्हणाला. गुडघे संपले. मशीन गेल्याच महिन्यात विकलं. वडील त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. चौतीस वर्षं त्याच्या प्रत्येक शब्दाकडे त्यांनी असंच बघितलं होतं.

दार लागलं. हिलरीने फुली खोडली, नकाशा सारखा केला. वडिलांच्या श्वासांमधलं अंतर आता वाढलं होतं.

"गेला तो, बाबा. आता आपण दोघंच आहोत. खरं शेत दाखवा."

वडिलांनी दाराकडे पाहिलं. दाराला काचेची पट्टी होती आणि पट्टीपलीकडे डेसमंडचा खांदा दिसत होता. हिलरी उठली, काचेवर पडदा ओढला आणि परत येऊन बसली.

"मला तरी सांगा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ. नवख्या माणसाकडे बघावं तसं. मग हात पुन्हा उचलला. या वेळी बोट पुढे आलं नाही. अख्खा पंजा नकाशावर येऊन पडला आणि बोटं फाकता येतील तेवढी फाकली. त्याच्याखाली नदी झाकली गेली, चर्च झाकलं गेलं आणि सॅक्सलीची सगळी शेतं.

हिलरी त्या हातावर हात ठेवून बसून राहिली. तो गार होत गेला, तरी तिने तो उचलून पाहिला नाही.