पाठ केलेली उत्तरं

“कुत्र्याचं नाव?” टॅक्सी थांबवता थांबवता तीखोनने विचारलं.

“मार्किझ.”

“अडखळलीस. वर जाऊन अशी अडखळलीस तर मेलोच आपण. परत सांग.”

“मार्किझ. पुरे कर आता, जीव जातोय माझा.” ग्लाफिराने हातमोजे चढवले आणि ती उतरली.

गेल्या रविवारी चर्चच्या दारात म्हाताऱ्या जनरल झुरिननी तिला पाहिलं आणि टोपी काढून गुडघाच टेकला. बायकांच्या टोप्या शिवणारी ही पोर म्हणजे क्रांतीत हरवलेली राजकन्या वार्वारा, झारची पुतणी, असं त्यांचं म्हणणं. झालं! पॅरिसच्या रशियनांना दुसरा विषय उरला नाही. आम्हा लोकांचा देश गेला, घरं गेली, राजघराण्याचं वेड मात्र जाता जात नाही. शेवटी राजकन्येच्या मावशीने, अग्लाया ल्वोव्नांनी, तिला चहाला बोलावलं. चहा कसला, परीक्षाच ती.

अग्लाया ल्वोव्ना सामोवारमागे बसल्या होत्या. जनरल उभेच होते.

“एक आधीच सांगतो,” ते म्हणाले. “तुम्ही त्या असाल, तर तुमचं लग्न राजरक्तातच होईल. बेलग्रेडचं स्थळ तयार आहे. त्या कोसॅक टॅक्सीवाल्याला दिलेला लग्नाचा शब्द विसरायचा.”

“त्याचं काय करायचं ते माझं मी बघते,” ग्लाफिरा म्हणाली.

बिचारा तीखोन खाली वाट बघत बसला होता.

“राजकन्येच्या कुत्र्याचं नाव?” जनरलांनी विचारलं.

“मार्किझ.” या वेळी ती अजिबात अडखळली नाही.

जनरलांनी अग्लाया ल्वोव्नांकडे पाहिलं. त्यांनी ग्लाफिरापुढे चहाचा पेला सरकवला.

“तुला गोवर आला होता, तेव्हा उशाशी बसून मी काय गायचे?”

हा प्रश्न पाठ केलेल्यांतला नव्हता.

“अंगाई. करड्या लांडग्याची. फार गोड गळा होता तुमचा.”

अग्लाया ल्वोव्नांनी डोळे मिटले. “मी जन्मात कधी गायले नाही गं. चर्चमध्येसुद्धा मला गप्प करायचे.”

“तोतया!” जनरल लालबुंद झाले. “आणि हिच्यापुढे मी गुडघा टेकला!”

“थांबा हो जरा.” म्हातारी कशीबशी उठून जवळ आली. तिने ग्लाफिराची हनुवटी वर केली. “डोळे माझ्या बहिणीचे आहेत. वार्येन्का, माझी वार्वारा, घाबरून चुकलीस ना? नुसतं हो म्हण. पुढचं मी बघते.”

ग्लाफिराने तिचा हात हळूच दूर केला.

“माफ करा, बाईसाहेब. लोक म्हणायला लागले, मला मोह पडला. मी शिंप्याची मुलगी.”

“निघ इथून!” जनरल ओरडले. “रविवारी सगळ्या चर्चला सांगतो!”

कठड्याला धरून ती जिना उतरली आणि टॅक्सीत येऊन बसली.

“काय झालं?”

“हाकललं. तोतया म्हणाले. सगळ्यांना सांगणार आहेत.”

तीखोनने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग छातीवर क्रूसाची खूण करून मोठ्यांदा हसला. “सुटलो गं बाई! आता कोण अडवतंय आपलं लग्न?” त्याने वळून पाहिलं. “अगं, मग रडतेस कशाला?”

“मावशी किती थकलीय रे,” ती म्हणाली. “गोवरात रात्ररात्र माझ्या उशाशी बसायची, तेव्हा अशी नव्हती.”