रविवारची मोजणी

"आक्का, पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगा. डेटाबेसची मोठी एडिशन घ्यायची की छोटी?" साहेब दारातूनच म्हणाले आणि गेले.

झालं! या तपासणी प्रयोगशाळेचा डेटाबेस आक्कांनी एकवीस वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. लाखो रुग्णांचे रिपोर्ट होते त्यात. आता तो सगळा पसारा क्लाउडवर जाणार होता, आणि कोणती एडिशन लागेल ते आक्कांनीच मोजून सांगायचं होतं.

मोठीची माहिती वाचता वाचता त्या एका ओळीवर थबकल्या. एखादं काम रखडलं की ती म्हणे स्वतःच कारण शोधते आणि स्वतःच दुरुस्त करते. आक्का तरी दिवसभर दुसरं काय करत होत्या? छोटीला मात्र माणूस लागतो.

"मग छोटीच सांग की," जेवताना नवरा म्हणाला. "एवढं डोकं धरून काय बसलीयेस?"

"सोमवारी सकाळी रिपोर्टांची झुंबड उडते. छोटी धापा टाकेल."

"टाकू दे. निस्तरायला तू आहेस ना!"

"म्हणजे खोटं लिहू?"

"चोपन्नाव्या वर्षी तुला दुसरीकडे कोण दारात उभं करणार आहे?"

आक्कांनी ताट बाजूला सारलं. रडूही येईना, इतकं सगळं संपल्यासारखं वाटत होतं.

डेटाबेसवर किती ताण येतो याची मोजणी नेहमी सोमवारी व्हायची. आक्कांनी ती रविवारी केली, प्रयोगशाळा अर्धी बंद असताना. अहवालात लिहिलं: काम साधं, ताण किरकोळ, छोटी एडिशन पुरेशी. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच लबाडी केली होती. सही करताना त्यांना स्वतःचीच किळस आली.

शुक्रवारी साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "आकडे नक्की ना, आक्का?"

"नक्की, साहेब."

"मानलं तुम्हाला. स्वतःचं नुकसान होत असताना इतकं प्रामाणिक कोण राहतं?" साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मोठी एडिशन आली असती तर तिने परस्पर केलेल्या दुरुस्त्या बरोबर आहेत का, ते तपासणं तुमच्याशिवाय कुणाला झेपलं नसतं. विभागप्रमुख म्हणून तुमचं नाव मंजूरही झालं होतं. पण काम एवढं किरकोळ असेल तर ते बाहेरची एजन्सीच बघेल. या महिन्याअखेर तुम्हाला मोकळं करावं लागतंय."