नऊशे पानं

मी ज्यांचा कारकून, ते वकीलसाहेब आंतरराष्ट्रीय कोर्टात एका बड्या देशाची बाजू लढवत होते. समोर चिमुकला बेटदेश. त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्या धुरानं हवामान बिघडलं, समुद्र वर आला, पुरात आमची गावं बुडाली. भरपाई द्या." पुरावा म्हणून नऊशे पानांचा अहवालही दिला.

साहेबांनी तो उघडलासुद्धा नाही. "पूर म्हणजे नैसर्गिक आपत्ती. त्यात माणसाचा काय दोष?" असं ठणकावून ते बाहेर आले आणि अहवाल माझ्या हातात कोंबला. "रद्दीत टाक हे बाड."

त्याच आठवड्यात नदी साहेबांच्या दिवाणखान्यात शिरली. मी सामान हलवायला धावलो. विमा कंपनीचा माणूस गमबूट घालून आला, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं कागद चाळले आणि मान हलवली.

"पूर म्हणजे नैसर्गिक आपत्ती, साहेब. तुमच्या पॉलिसीत बसत नाही. माणसाच्या चुकीनं आला असं सिद्ध करा, पै न् पै देतो."

साहेब तरंगणारा सोफा बाजूला सारत माझ्याकडे आले. मग मला जिन्यापाशी ओढून हळूच म्हणाले,

 

"अरे, ती नऊशे पानं... अजून रद्दीत दिली नाहीस ना?"