मानेवरचा तीळ

आपली मान आपल्याला कधी दिसते का? हात मागे नेऊन चाचपून बघा बरं. तिथे केसांखाली काय आहे, ते आईला ठाऊक, न्हाव्याला ठाऊक, आपल्याला नाही. आता तो हात तसाच राहू द्या आणि कल्पना करा, की तुम्ही मस्कतमधल्या एका गारेगार हॉलमध्ये माहनूरच्या शेजारी उभे आहात. समोरच्या भिंतीवर एका मुलीच्या वेणीचे फोटो लागले आहेत, आणि माहनूरचे डोळे त्यांच्यावरून हलत नाहीत.

माहनूर दहा वर्षांची. हर्णैला खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहते. तिची आम्मी नसीबा इथे मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत एका पुणेकर कुटुंबाकडे कामाला आहे. स्वयंपाकपाणी करते, त्यांच्या सावनीला सांभाळते, आणि दोन वर्षांतून एकदा गावी जाते. गेल्या खेपेला ती रोज सकाळी माहनूरची वेणी घालायची, आणि वेणी झाली की फोनवर पाठमोरा फोटो काढायची. "तिकडं बघायला," म्हणायची.

मग एकदा फोनवर आम्मी म्हणाली, "मी काढलेले फोटो प्रदर्शनात लागणार हायत गो."

"कसले फोटो?"

"वेणीचे."

झालं! शाळेत, कुराण शिकायच्या मकतबमध्ये, मासळीबाजारात, माहनूरने ही बातमी कुठे म्हणून पोचवायची ठेवली नाही. मला बघायचेत, मला बघायचेत, असा तिने धोशाच लावला. शेवटी मस्कतमध्येच हमरियात दुकान असलेल्या सुफियानमामूंनी व्हिसा काढला, आणि आज सकाळी विमानतळावरून ती थेट आम्मीच्या मिठीत शिरली. आजची वेणीही आम्मीनेच घातली होती.

"बघ माहनूर," मामू छाती काढून म्हणाले, "हे सगळे फोटो काढणारे आपल्यासारखेच काळे-सावळे. तो सुदानचा, ती बलुची, तो मलबारी ड्रायव्हर, आणि ही तुझी आय. गोरा एकपण नाय. गोरे नुसते बघायला आलेत!"

"हळू बोल रे," नसीबा पुटपुटली.

माहनूर भिंतीजवळ गेली. प्रत्येक फोटोत मान, वेणी आणि खांद्याचा थोडासा तुकडा. बाकी काही नाही.

"चेहरा का नाय गो आम्मी?"

"चेहरा घ्यायचा नाय, असं सांगितलं होतं."

"आणि एवढ्या रिबिनी कुठनं आल्या? माझ्याकडं तर दोनच होत्या."

"ओढणी घे मानेवरनं," नसीबा म्हणाली. "एसीत थंडी वाजंल."

"नाय वाजत."

माहनूरने नाक जवळजवळ काचेला लावलं. आणि एकदम वळली.

"आम्मी! माझ्या मानेवर तीळ हाय?"

नसीबाने लेकीच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली. म्हणाली, "हाय गो. केसांच्या खाली."

माहनूरने बोटाने चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. पण तीळ का हाताला लागतो! खाला कधी बोलली नव्हती. मैत्रिणी बोलल्या नव्हत्या. म्हणजे तिच्या अंगावरची ही एवढीशी खूण एकट्या आम्मीला ठाऊक होती, आणि समुद्राच्या या काठावर बसून आम्मीने ती जपली होती. माहनूरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने ओढणीने हळूच टिपलं.

तेवढ्यात प्रदर्शन भरवणाऱ्या सालेहाबाई आल्या. "हीच का ती मुलगी?" त्यांनी मोडक्या हिंदीत नसीबाला विचारलं.

नसीबाने तोंड उघडलं, पण माहनूर आधीच बोलली होती. "मीच!"

"माशाल्ला! मग शेवटी सगळ्यांचा फोटो काढू, तेव्हा तू या फोटोंच्या शेजारी उभी राहा. पाठ करून. भिंतीवर वेणी, शेजारी खरी वेणी."

"नको मॅडम," नसीबा घाईने म्हणाली. "लाजते ती."

"ही आणि लाजते?" मामू हसले. "अख्ख्या हर्णैला सांगून आलीय!"

हॉलचं दार ढकलून एक मुलगी धावत आत आली. मागून तिची आई हाका मारत होती, "सावनी, पळू नकोस!" सावनी कुणाकडे न बघता सरळ नसीबापाशी आली.

"मावशी, रिबीन सुटली."

आणि ती फरशीवर, नसीबासमोर, पाठ करून बसली. रोजच्या जागी बसावं तशी. नसीबाचे हात आपसूक तिच्या केसांकडे गेले.

माहनूर बघत होती. रिबीन हिरवी होती, सोनेरी काठाची. भिंतीवर मधल्या फोटोत होती तीच. मग आम्मीच्या बोटांनी केस वर उचलले, आणि खाली, बरोबर मधोमध, तीळ होता.

"यल्ला, यल्ला!" सालेहाबाईंनी टाळ्या वाजवल्या. "सगळे या. माहनूर, इकडे ये, पाठ कर."

नसीबाचे हात वेणीतच थांबले.

"आम्मी, आता वाजते गो थंडी," माहनूर म्हणाली. तिने ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळली, वेणी तिच्यावरून मागे सोडली, आणि ती फोटोंच्या शेजारी पाठ करून उभी राहिली.